पहिलं सत्र : अभ्यास, कट्टा आणि ढोलपथक एकत्र कसं बसवायचं

पुण्यातलं पदवीचं पहिलं सत्र कागदावर १५ आठवड्यांचं असतं. त्याच आठवड्यांत दहीहंडी, गणपती, नवरात्र, कोजागिरी आणि दिवाळी येतात, एकांकिका स्पर्धा येतात, ढोलपथकांचे सराव येतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाचे वर्ग ऑगस्ट उलटेपर्यंत सुरू होत नाहीत. अभ्यासक्रम मात्र तेवढाच राहतो.

म्हणून 'रोज तीन तास अभ्यास, एक तास मित्र' अशा वेळापत्रकाचा इथे उपयोग नाही. गणपतीच्या दिवसांत अभ्यास जवळजवळ बंद पडतो आणि सबमिशनच्या (जर्नल-असाइनमेंट जमा करायच्या) आठवड्यात मित्र फक्त झेरॉक्सच्या दुकानात भेटतात. रोजचा मेळ बसवायला गेलात तर रोज हरल्यासारखं वाटेल. मेळ अख्ख्या सत्राचा बसवायचा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने दिल्या आहेत. त्या मुख्यतः बाहेरगावाहून येऊन हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणाऱ्यांसाठी आहेत. घरून अप-डाउन करणाऱ्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १ : पहिल्या आठवड्यात कागद गोळा करा

तीन गोष्टी हव्यात: महाविद्यालयाचं शैक्षणिक दिनदर्शक, वर्गाचं वेळापत्रक आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. तो डाउनलोड करून घ्या आणि त्यातला गुणांचा तक्ता आधी वाचा, धडे नंतर. बऱ्याच ठिकाणी १०० पैकी ३० गुण अंतर्गत आणि ७० सत्रान्त परीक्षेचे असतात. स्वायत्त महाविद्यालयांत ही वाटणी ४०-६० किंवा ५०-५०सुद्धा असते. काही अभ्यासक्रमांत दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, काहींत एकत्र धरतात. हा नियम पहिल्याच आठवड्यात माहीत हवा. अंतर्गतचे गुण गणपतीच्या आगेमागे हातातून जातात आणि डिसेंबरात कितीही जागलात तरी परत मिळत नाहीत.

मग हजेरीचं गणित करा. साधारण ७५ टक्के हजेरी लागते. तीन क्रेडिटच्या विषयाला (थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास) सत्रात ४५ तास धरले, तर ३४ तास बसावंच लागतं, म्हणजे ११ तास चुकले तरी चालतं. ११ हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात ताप, गावची जत्रा, घरचं लग्न आणि पहिल्या पावसातला सिंहगड हे सगळं बसवायचं आहे. प्रॅक्टिकलचा हिशेब याहून कडक आहे. १५ सत्रांपैकी १२ करावी लागतात, फक्त तीन सुटतात, आणि सुटलेलं प्रॅक्टिकल पुन्हा करायला दुसऱ्या बॅचबरोबर परवानगी मागत फिरावं लागतं. थोडक्यात, दांडी मारायचीच असेल तर लेक्चरला मारा, प्रॅक्टिकलला कधीच नाही. प्रॉक्सीच्या भरवशावर राहू नका. पकडलं गेल्यावर तुमच्याबरोबर हजेरी लावणारा मित्रही अडकतो.

आता भिंतीवर सहा महिन्यांचं कॅलेंडर लावा आणि त्यावर सण, अंतर्गत चाचण्या, सबमिशन, सत्रान्त परीक्षा अशी सगळी नोंद करा. सणांच्या तारखा दरवर्षी सरकतात आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अशा वर्षी दिवाळी परीक्षेच्या तोंडावर येऊन पडते. आदल्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेलं 'गणपतीनंतर लागलं तरी होतं' हे त्याच्या वर्षी खरं असेल, तुमच्या वर्षी कॅलेंडर बघूनच ठरवा.

कॅलेंडरवर प्रत्येक आठवड्यापुढे एक अक्षर लिहा. ज्या आठवड्यात अभ्यास पुढे रेटता येईल त्याला 'अ', ज्यात सण किंवा उपक्रमच होणार त्याला 'उ', ज्यात दोन्ही थोडं थोडं चालेल त्याला 'म'. पंधरापैकी 'उ' तीनपेक्षा जास्त झाले तर काहीतरी सोडावं लागणार, हे जुलै-ऑगस्टमध्येच कळतं. गणपतीच्या आधीचे सगळे आठवडे 'अ' ठेवा. तेव्हा अभ्यासाची कुणालाच घाई नसते, त्यामुळे ग्रंथालयात जागा असते, शिक्षकांना शंका विचारायला वेळ असतो आणि पहिली दोन युनिट्स तुलनेने सोपी असतात.

पायरी २ : आठवड्याचे तास एकदा मोजा

आठवड्याचे तास १६८. झोप रोज साडेसात तास धरली तर ५२.५ जातात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. १४ क्रेडिट थिअरी आणि ८ प्रॅक्टिकल असतील, तर आठवड्याला १४ आणि १६ मिळून ३० तास वर्गात जातात. येण्याजाण्याचे ९, आंघोळ-जेवण-कपडे-मेसची रांग यांचे रोज तीन म्हणजे २१. एवढं सगळं वजा करून ५५.५ तास उरतात. त्यातून अभ्यास आणि लिखाणाला १८ तास काढले तरी ३७ तास शिल्लक आहेत.

वेळच मिळत नाही असं वाटतं, कारण हे ३७ तास एका जागी मिळत नाहीत. दोन लेक्चरमधली पन्नास मिनिटं, मेसला जायच्या आधीचा अर्धा तास, रात्री लाइट बंद करून मोबाइलवर गेलेला दीड तास असे त्यांचे तुकडे होतात. रीलमध्ये गेलेल्या तासात अभ्यासही होत नाही आणि माणसंही भेटत नाहीत. अभ्यास आणि मित्र एकमेकांचा वेळ जेवढा खातात, त्याहून जास्त मोबाइल दोघांचा खातो. पहिल्या महिन्यात मोबाइलमधला वापराचा आठवड्याचा आकडा बघा आणि तो ३७ तासांतून वजा करा, म्हणजे अंदाज येईल.

तुकडे जोडायला दोनच वेळा पक्क्या करा. एक, सकाळी किंवा संध्याकाळी सलग ९० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दोन, शनिवारी किंवा रविवारी सलग तीन तास. एवढ्याने साडेदहा तास होतात. उरलेले साडेसात तास ऑफ लेक्चरमधून, म्हणजे न झालेल्या तासांतून निघतात. ही ९० मिनिटं खोलीत होत नाहीत. हॉस्टेलच्या खोलीत कुणीतरी येतंच. महाविद्यालयाचं वाचनालय वापरा. विद्यापीठाच्या आवारात शिकत असाल तर जयकर ग्रंथालय आहे. पेठांमध्ये स्पर्धापरीक्षावाल्यांच्या अभ्यासिका महिन्याच्या पैशांवर मिळतात, पण पहिल्या वर्षी पूर्ण महिन्याची जागा घेऊ नका. फुकटच्या वाचनालयात महिनाभर नियमित बसून झाल्यावरच तो खर्च करा.

कला, वाणिज्यचे वर्ग सकाळी लवकर भरून दुपारी सुटत असतील, तर दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ बरी. जेवून खोलीवर गेलात की झोप लागते आणि उठेपर्यंत पाच वाजतात, म्हणून जेवणाआधी किंवा थेट वाचनालयात जाऊनच बसायचं. लोणावळा लोकलने किंवा दौंडकडून येणाऱ्यांनी जाताना गाडीत बसायला मिळत असेल तर वाचन, आणि येताना सरळ गप्पा असं ठरवावं. परतीच्या गर्दीत पुस्तक उघडून काही होत नाही, पण रोजच्या डब्यातली मंडळी ही खरी ओळखीची माणसं होतात.

पायरी ३ : जर्नल त्याच दिवशी

पहिल्या सत्रात मुलं अडकतात ती धड्यांत नव्हे, लिखाणात. तीन प्रयोगशाळांचे विषय, प्रत्येकी दहा प्रयोग म्हणजे ३० लेखनं. शिवाय पाच विषयांच्या प्रत्येकी पाच असाइनमेंट म्हणजे आणखी २५. एकूण ५५. प्रत्येकाला ४० मिनिटं धरली तरी साडेछत्तीस तासांहून जास्त लिखाण होतं. हे सगळं शेवटच्या आठवड्यावर ढकललं तर वर्ग, ओरल आणि चाचण्या सांभाळून रोज पाच तास फक्त उतरवून काढण्यात जातात. त्या रात्री जागून काढतात, डोक्यात काही शिरत नाही आणि पुढच्याच आठवड्यात त्याच विषयाची ओरल असते.

प्रयोग झाला त्याच दिवशी लिहिला तर ४० मिनिटं लागतात, कारण निरीक्षणं हाताशी असतात आणि वायर कुठे लावली ते आठवत असतं. दोन आठवड्यांनी तोच लिहायला दीड तास लागतो, कारण आधी कुणाचं तरी जर्नल शोधावं लागतं. पद्धत अशी ठेवा:

- प्रयोगाचा उद्देश, साहित्य, आकृती आणि सूत्र आदल्या दिवशी लिहून न्या. प्रयोगशाळेत फक्त निरीक्षणं भरायची राहतात.
- आकडेमोड आणि निष्कर्ष त्याच संध्याकाळच्या ९० मिनिटांत.
- पुढच्या प्रॅक्टिकलला सुरुवातीलाच सही घ्या. सरांकडे शेवटी रांग लागते तेव्हा आतली चूकही सापडते आणि पान पुन्हा लिहावं लागतं.
- जर्नलचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचार करा. दहा जणांनी एकच निरीक्षण, एकाच चुकीसकट उतरवलं की दहाही जणांना परत पाठवतात.

वेळेवर सह्या असलेलं जर्नल तुम्हाला सबमिशनच्या आठवड्यात मोकळं ठेवतं. त्या आठवड्यात सगळं हॉस्टेल जागं असतं. तुम्ही मित्रांना मदत करू शकता, चहा आणून देऊ शकता, आणि मैत्री घट्ट व्हायला याहून चांगला आठवडा नाही. मदत म्हणजे समजावून सांगणं. दुसऱ्याचं जर्नल लिहून देऊ नका, अक्षर ओळखलं जातं.

पायरी ४ : एका सत्रात एकच मोठा उपक्रम

पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक मंडळाचे सीनियर वर्गात येऊन आवाहन करतात. सगळ्यांत नाव नोंदवायची ऊर्मी येते. भेटी सगळ्यांना द्या, माणसं ओळखा, पण मोठा उपक्रम एकच घ्या. मोठा म्हणजे ज्याला आठवड्याचे सहा तासांहून जास्त लागतात. त्याच्या जोडीला दोन तासांचा एखादा छोटा चालतो: वाचक गट, महिन्यातून एक ट्रेक, रविवारचं क्रिकेट.

निवडताना प्रत्येकाचे तास नीट समजून घ्या.

ढोलपथकाचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो. संध्याकाळी रोज दोन-अडीच तास, बहुतेक नदीपात्रात किंवा मोकळ्या मैदानावर. सरावाची हजेरी धरतात, त्यामुळे 'येईन जमेल तसं' चालत नाही. म्हणजे आठवड्याचे १५ तास, तेही नेमक्या त्या काळात जो अभ्यासाला सगळ्यात मोकळा असतो. ज्यांना पथक करायचं आहे त्यांनी आपली ९० मिनिटं सकाळी घ्यावीत, कारण वादन करून आल्यावर हात दुखत असतात आणि कान सुन्न झालेले असतात. कानात बोळे घाला, यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्यातली विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या पुढे चालते, तेव्हा अनंत चतुर्दशी आणि त्यानंतरचे दोन दिवस अभ्यासाला धरूच नका. एवढं सगळं देऊनही पथक करण्यासारखं आहे. नव्या शहरात महिन्याभरात पन्नास ओळखी होण्याची याहून चांगली जागा क्वचितच मिळते. आणि हा उपक्रम विसर्जनाला संपतो ही त्याची सगळ्यात मोठी सोय आहे.

एकांकिकेचं तसं नाही. पुरुषोत्तम करंडक ही महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ पासून चालवलेली स्पर्धा. तिच्या प्राथमिक फेऱ्या पावसाळ्यात होतात, आणि संघ अंतिम फेरीत गेला तर तालमी आणखी काही आठवडे वाढतात. तालीम 'आठला संपेल' म्हणून सुरू होते आणि अकराला संपते. पहिल्या वर्षी बॅकस्टेजला जा: सेट, प्रकाश, संगीत, सामान. नाटक आतून शिकायला मिळतं आणि प्रमुख भूमिकेपेक्षा रोजचा एक-दीड तास कमी लागतो. दिग्दर्शकाला सुरुवातीलाच तुमच्या चाचण्यांच्या तारखा लेखी द्या. बहुतेक जण समजून घेतात, फक्त आदल्या दिवशी सांगितलेलं त्यांना चालत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) वर्षाला १२० तास नियमित काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. १२० तास म्हणजे शिकवण्याच्या तीस आठवड्यांत आठवड्याला चार तास. शिबिर कधी आहे ते विचारून कॅलेंडरवर 'उ' लिहा. नव्या धोरणात महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी सहशालेय अभ्यासक्रमांना क्रेडिट दिलं आहे. एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम त्यात येतात. तुमचा उपक्रम त्यात मोजला जातो का, आणि नोंदणीची शेवटची तारीख कोणती, हे विभागात विचारा. वर्षभर राबून नोंदणीच केली नाही म्हणून क्रेडिट हुकणारे बरेच असतात.

पैशांची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजना आधी, बाकी सगळं नंतर. तासावर मानधन मिळतं, काम आवारातच असतं आणि वेळ वर्गाच्या वेळांशी जुळवून देतात. जागा मर्यादित असतात, त्यामुळे प्रवेशानंतर लगेच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. ही योजना घेतलीत तर तोच तुमचा मोठा उपक्रम समजा. तिथे एकत्र काम करणारी मुलं पुढे वर्षानुवर्षं एकमेकांना धरून राहतात.

उपक्रमामुळे वर्ग बुडणार असतील तर ऑन-ड्यूटी हजेरीचं पत्र आधी घ्यायचं. उपक्रमाच्या प्रमुख शिक्षकांची सही, तारीख आणि वेळ, मग विभागप्रमुखांची पोच. एक प्रत स्वतःकडे ठेवा. 'सरांना तोंडी सांगितलंय' हे डिफॉल्टर यादी (हजेरी कमी असलेल्यांची) लागल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही. मुलींच्या हॉस्टेलला रात्रीच्या वेळेची मर्यादा असते. तालमी किंवा सराव त्यापुढे जाणार असतील तर रेक्टरांना संघाचं पत्र, परतीची वेळ आणि कोण सोडणार ते आधी द्या, लोकल गार्डियनला कळवा. रोज रात्री फाटकावर वाद घालण्यापेक्षा हे एका दिवसाचं काम बरं.

पायरी ५ : खोली, मेस आणि 'चल ना यार'

रूम पार्टनरशी पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी बोलून घ्या: दिवा किती वाजता बंद, फोनवर बोलायला बाहेर जायचं की आत, पाहुणा राहायला येणार असेल तर किती आधी सांगायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत काय. भांडण झाल्यावर हे बोलणं जड जातं, आधी बोललं तर दहा मिनिटांत होतं.

रात्री बाराचे वाढदिवस हे हॉस्टेलचं खास दुखणं. एका मजल्यावर पन्नास मुलं असतील तर सरासरी आठवड्याला एक वाढदिवस येतो. न जाणं बरं दिसत नाही आणि प्रत्येक वेळी दोनपर्यंत जागलात तर दुसऱ्या दिवशीचं पहिलं लेक्चर जातं. पावणेबाराला जा, केक कापून झाला की साडेबाराला परत या. जवळच्या दोन-तीन मित्रांच्या वाढदिवसाला मात्र मनसोक्त थांबा आणि दुसऱ्या दिवशीची ९० मिनिटं संध्याकाळी ढकला.

नाही म्हणायची वेळ येतेच. 'अभ्यास आहे' म्हटलं की हुशार म्हणून चिडवतात आणि पुन्हा बोलवत नाहीत. त्याऐवजी दुसरी वेळ सांगा: 'आज नाही जमत, साडेआठला मेसला भेटू.' आणि मग खरंच जा. दोन-तीनदा असं केलंत की मंडळी तुमची वेळ सांभाळायला लागतात. माणसं नकाराने तुटत नाहीत, 'येतो' म्हणून न गेल्याने तुटतात.

पुण्यात बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. ती रात्र मित्रांची म्हणून पक्की करा: सगळे मिळून बाहेर जेवण किंवा खोलीवर केलेली खिचडी. आठवड्यात इतर दिवशी काही चुकलं तरी एवढी एक भेट ठरलेली राहते. हिशेब सुरुवातीपासून टीटीएमएम ठेवा, तुझं तू माझं मी. घरून येणाऱ्या पैशांत फरक असतो आणि 'या वेळी मी देतो' ही सवय दोन महिन्यांत कुणाला तरी अवघड करून सोडते. ज्याला परवडत नाही तो मग काहीतरी कारण काढून येणंच बंद करतो. शनिवार-रविवार गावी जाणार असाल तर मेसचा खाडा आदल्या दिवशी सांगा. सलग दोन-तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर बरेच जण खाडा धरत नाहीत, त्यामुळे महिना भरतानाच नियम विचारून ठेवा.

गावी किती वेळा जायचं? सातारा, नगर, सोलापूरकडची मुलं पहिल्या महिन्यात दर शनिवारी एसटी पकडतात. मग रविवारच्या भेटी, ट्रेक, तालमी सगळ्यातून बाहेर राहतात आणि इथे कुणी ओळखीचं होत नाही, त्यामुळे पुढच्या शनिवारी पुन्हा घरच आठवतं. पहिल्या महिन्यात दोनदा, नंतर तीन आठवड्यांनी एकदा हे प्रमाण ठीक आहे. घरच्यांशी रोज एकाच वेळी दहा मिनिटं बोला. वेळ ठरलेली असली की आईला दिवसभर काळजी राहत नाही आणि तुम्हाला तालमीतून उठावं लागत नाही.

पायरी ६ : मित्रांबरोबर अभ्यास, पण नियमाने

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या सहा आठवड्यांत इंग्रजी व्याख्यानं जड जातात. समजतं, पण लिहिता येत नाही. इथे एकट्याने झगडण्यापेक्षा गट जास्त उपयोगी पडतो. गट तीन किंवा चार जणांचा ठेवा, आणि त्यात एक तरी इंग्रजी माध्यमातला, एक तरी गणितात पक्का असू द्या. पाचवा आला की गटाची सहल होते. भेटायचं ते घरून वाचून. गटात वाचायचं नसतं, विचारायचं असतं. पहिली ४० मिनिटं प्रत्येकाने एक संकल्पना पुस्तक बंद करून सांगायची, तीही आधी मराठीत आणि मग परीक्षेच्या भाषेत. पुढची ४० मिनिटं जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न सगळ्यांनी वेगवेगळा लिहायचा. शेवटची दहा मिनिटं एकमेकांचं उत्तर तपासायचं. मग टपरीवर चहा. चहा शेवटी ठेवण्याला कारण आहे, आधी प्यायला गेलेला गट परत बसत नाही.

पुस्तक बंद करून सांगण्यावर भर का? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र, एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. तुमची परीक्षा वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते. शिवाय अशा अभ्यासाला कमी वेळ पुरतो, आणि उरलेला वेळ कट्ट्याला मिळतो.

पायरी ७ : परीक्षेआधीचे चार आठवडे

पाच विषय, प्रत्येकी पाच युनिट्स म्हणजे २५ युनिट्स. २८ दिवसांत रोज एक घेतलं तर तीन दिवस उरतात. आधीच्या 'अ' आठवड्यांत पहिली दोन-दोन युनिट्स झाली असतील तर फक्त १५ राहतात, आणि या महिन्यातही रविवारची रात्र मोकळी ठेवता येते. प्रत्येक विषयाच्या मागच्या पाच प्रश्नपत्रिका काढून कोणत्या युनिटवर किती गुणांचे प्रश्न येतात ते एका पानावर मांडा. अभ्यासक्रम बदलला असेल तर नमुना आधी तपासा, जुन्या पॅटर्नच्या पेपरवर विसंबून पोरं फसतात.

दिवाळी या चार आठवड्यांत येत असेल तर घरी जाताना पाचही विषयांची पुस्तकं नेऊ नका. बॅग तशीच परत येते. दोन विषय न्या, त्यातले फक्त सोडवायचे प्रश्न. सकाळी फराळाआधी दोन तास, दुपारनंतर घरच्यांचं. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला पूर्ण सुटी घ्या, आणि परतीचं तिकीट जाण्याआधीच काढून ठेवा.

या काळात झोप सहा तासांखाली जाऊ देऊ नका. रात्रभर जागून सकाळी पेपर दिला की येत असलेलं उत्तरही अर्धं लिहून होतं. मित्रांच्या सगळ्या ग्रुपमध्ये 'हे येणार का', 'ते इम्पॉर्टंट आहे का' चालू असतं. पेपरच्या आदल्या रात्री नऊनंतर ते ग्रुप म्यूट करा.

घसरायला लागलं तर

लागोपाठ तीन प्रॅक्टिकल अपुरी राहिली, सलग दोन आठवडे रविवारची भेट चुकली, किंवा दुपारपर्यंत अंथरुणातून उठवेनासं झालं, तर आठवडा जाऊ देऊ नका. अभ्यासाचं असेल तर मेंटॉर शिक्षकांकडे जा आणि नेमकं विचारा: 'कोणते दोन विषय आधी वाचवू?' मन उदास असेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मैत्रीच्या नावाखाली सीनियर त्रास देत असतील तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि देशपातळीवरचा तक्रार क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे.

एखादा विषय राहिला तर एटीकेटीचे (विषय मागे ठेवून पुढे जाण्याचे) नियम वाचा, म्हणजे पुढच्या वर्षात जायला किती चालतात ते कळेल. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्जाची मुदत थोडे दिवसच असते, त्यामुळे निकालाच्या दिवशीच सूचना बघा. आधी छायाप्रत घ्या, विषयशिक्षकांना दाखवा, मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा.

दुसऱ्या सत्राला

दुसऱ्या सत्रात सण कमी पण स्पर्धा जास्त: गॅदरिंग, क्रीडास्पर्धा, फिरोदिया करंडक, टेक फेस्ट, सगळं जानेवारी ते मार्चमध्ये. मोकळे आठवडे या वेळी शेवटी येतात, आणि एप्रिलच्या उन्हात दुपारी अभ्यास होत नाही. तेव्हा पक्की ९० मिनिटं सकाळी सातला हलवा आणि डिसेंबरच्या सुट्टीतच नव्या कॅलेंडरवर अक्षरं लिहून ठेवा.